आकाशातून न दिसणारे लेणे

इजिप्तच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली पिरॅमिडांच्या जोडीने आणखी एक ओळ हमखास असते: लक्सरला पहाटेची बलूनसफर. अंधारात नाईल ओलांडायची, पश्चिम काठावर वेताच्या टोपलीत उभे राहायचे आणि सूर्य वर येता येता हातशेपसुतचे मंदिर, मेम्नॉनचे दोन पुतळे, उसाची हिरवी शेते आणि त्या शेतांच्या बांधापासूनच सुरू होणारे वाळवंट एका नजरेत साठवायचे. आपल्याकडची मंडळीही आता हौसेने हे करून येतात. परतल्यावर बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असते: वरून पाहिले तेव्हा सगळे समजले.

या वाक्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे शोधायला लक्सरला जावे लागत नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, उंचावरून पाहणारी वास्तू आणि जवळ आल्याशिवाय दिसत नाही अशी वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत.

आधी बलूनविषयी. त्याचे शास्त्र सरळ आहे. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली की वजन ०.९५ किलोच्या आसपास येते. घनमीटरमागे पाव किलोची ही उचल २,८०० घनमीटरच्या बलूनमध्ये ७०० किलोंपर्यंत जाते. त्यात कापड, टोपली, गॅसच्या टाक्या आणि माणसे सगळी आली. सुकाणू मात्र नसते. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशेने वाहतो, म्हणून वैमानिक फक्त वर किंवा खाली जातो आणि हवा तो वारा शोधतो. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवा उसळू लागते, म्हणून उड्डाण पहाटेचे. १७८३ साली पॅरिसमध्ये माणूस पहिल्यांदा असा उडाला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे आणि जोखीमही पुरती संपलेली नाही. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी लक्सरलाच बलूनने पेट घेतला आणि १९ जण दगावले.

घाटमाथ्यावर कामशेत-लोणावळ्याच्या बाजूला अशा बलूनफेऱ्या झालेल्या आहेत. घाटाखाली जंगल, विजेच्या तारा आणि समोर उभी डोंगराची भिंत, त्यामुळे इथे ते काम अवघड. तरी जानेवारीतल्या एका पहाटे कर्जतवर बलून उभा राहिला अशी कल्पना करावी. कर्जतला सूर्य घाटामागून येतो, म्हणून उशिरा येतो. गाव अजून सावलीत असेल आणि टोपलीतल्या माणसांच्या अंगावर ऊन आलेले असेल. पूर्वेला ढाक आणि राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले. ईशान्येला कोथळीगडाचा सुळका. पश्चिमेला माथेरान, प्रबळ आणि इरशाळ. खाली उल्हास नदीची वळणे. दक्षिणेला १८६३ साली पुरा झालेला बोरघाटाचा लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग आणि खोपोलीच्या वीजघरात पाणी उतरवणारे लांबलचक नळ.

त्या उंचीवरून एक गोष्ट क्षणात कळेल. सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरे, तिथून आत येणारी सपाटी, मग ही भिंत, आणि भिंतीत जिथे जिथे खिंड किंवा चढण्याजोगी सोंड आहे तिथून वर जाणाऱ्या वाटा. घाटाखाली कोंढाणे आणि आंबिवलीची लेणी, घाटावर कार्ले, भाजे, बेडसे. म्हणजे लेणी एकांतासाठी कुठेतरी दूर खोदली हे खरे नाही. व्यापाऱ्यांचे तांडे जिथून जात, मुक्काम करीत आणि दान देत, त्या वाटेच्या कडेला ती आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत यवन दात्यांची नावेही आहेत. एरवी हे कळायला नकाशावर बोट फिरवावे लागते. उंचावर ते आपोआप दिसते. १९०६ साली ब्रिटिश सैन्याच्या बलूनमधून लेफ्टनंट शार्प याने स्टोनहेंजची छायाचित्रे घेतली, तेव्हापासून पुरातत्त्वाने आकाशातून पाहणे हे आपले साधन मानले आहे. उंची आपल्याला 'कुठे' आणि 'का' हे सांगते, आणि ते सांगणे मोलाचे आहे.

उंची आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे सत्ता. खालापूर तालुक्यातली उंबरखिंड त्याची साक्ष आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान फौज घेऊन घाट उतरला. खिंडीतल्या अरुंद वाटेत त्याची माणसे अडकली, दोन्ही अंगांच्या रानात शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. खानाला खंडणी देऊन परत फिरावे लागले. वरच्याला खालचा दिसत होता, खालच्याला वरचा दिसत नव्हता. त्या दिवसाचा निकाल एवढ्याने लागला. राजमाची, कोथळीगड हे किल्ले याच नजरेसाठी आहेत. किल्ला वरून पाहतो, म्हणून तो वरूनही दिसतो: तटाची रेघ, बुरुजाचे गोल, पाण्याची टाकी सगळे बलूनमधून मोजून घ्यावे.

कोंढाण्याचे लेणे मात्र तिथून दिसणार नाही. राजमाचीच्या पश्चिम उतारावर, झाडीच्या आत, कड्याच्या पोटात ते आहे. कड्याच्या माथ्यावर गवत आणि कातळ, पावसाळ्यात वरून कोसळणारे पाणी, बस. आकाशातून पाहणाऱ्याला हा नुसता डोंगर. लक्सरलाही हेच घडते. राजांच्या दरीतली थडगी डोंगरात कोरलेली आहेत, तीही बलूनमधून दिसत नाहीत. फरक एवढाच की ती थडगी कोणी पाहू नयेत म्हणून बुजवलेली होती, आणि कोंढाणे वाटसरूसाठी उघडे होते. त्याचे दार चालत येणाऱ्याकडे तोंड करून आहे.

म्हणून चालत जावे. कोंडिवडे गाव मागे टाकून रानातून चढत गेले की झाडी संपते आणि दर्शनी भाग एकदम अंगावर येतो. चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब आणि २८ फूट उंच, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे. घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी कमान, तिच्या आजूबाजूला लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात: वासे, कठडे, जाळ्या. मधूनमधून नाचणाऱ्या जोड्या. आतल्या अष्टकोनी खांबांपैकी कित्येकांचे बुंधे ओलाव्याने झडून गेले आहेत आणि वरचे तुकडे छताला धरून राहिले आहेत.

पण सगळ्यात जास्त वेळ थांबावे ते दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला. तिथे एक मोठी मूर्ती होती. तिचे मस्तक तेवढे उरले आहे, माणसाच्या डोक्याच्या दुपटीएवढे. चेहरा गेला आहे. नाक, डोळे, ओठ काही राहिले नाही. शिरोवेष्टन मात्र शाबूत आहे, आणि त्याच्या घड्या व पीळ इतक्या निगुतीने काढलेले आहेत की कारागिराला घाई नव्हती हे दोन हजार वर्षांनीही कळते. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री या मराठी पंडितांनी ही लेणी अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली.

या ओळीत राजाचे नाव नाही, दान किती दिले ते नाही. करणाऱ्याचे नाव आहे आणि त्याला शिकवणाऱ्याचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भारतात कलावंताची सही विरळा, आणि त्या सहीत गुरूला आपल्या आधी ठेवणे ही त्याहून मोठी गोष्ट. कण्ह कोण, कुठला, त्याने काय काय कोरले, हे या ओळीत नाही. पण विद्या हातातून हातात कशी गेली एवढे त्या दोन नावांत स्वच्छ लिहिलेले आहे. ही ओळ वाचायला दगडापासून हातभर अंतरावर उभे राहावे लागते. हजार फुटांवरून ती नाहीच.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. लेणे खोदतात ते वरून खाली. आधी छत होते, मग कमानीचा वरचा भाग, मग खांबांचे माथे, आणि शेवटी पायाखालची जमीन. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत हा क्रम आजही पाहता येतो. वेरूळचे कैलास लेणेही कळसाकडून पायाकडे उतरलेले आहे. म्हणजे कोंढाण्याच्या या सभागृहाकडे वरून पाहणारा माणूस होता. तो बलकासारखा कारागीर होता. छताला हात पोचेल इतक्या उंचीवर तो आधी उभा राहिला, आणि छिन्नीच्या घावागणिक खाली आला. त्याची उंचीवरची नजर त्याच्या हाताला बांधलेली होती. जे पाहिले ते त्याला स्वतः घडवावे लागले, आणि एक घाव चुकला तर दगड पुन्हा जोडता येत नव्हता. वरून पाहण्याचा इतका जबाबदार प्रकार मला दुसरा माहीत नाही.

लक्सरच्या पश्चिम काठावरही असे लोक राहून गेले. देर अल-मदिना या गावात राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर राहत. बलून त्या गावावरून गेला तर घरांच्या पायांच्या रांगा स्पष्ट दिसतात. पण त्या घरांतल्या माणसांची नावे, त्यांची भांडणे, देणी-घेणी आपल्याला कळली ती खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर त्यांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्याचा शिधा थकला म्हणून त्यांनी काम थांबवले. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानतात. घरांच्या रांगा उंचीने दाखवल्या. त्यांतल्या माणसांची भूक मात्र हातात खापर घेऊन वाचणाऱ्याला कळली.

उंचीतच समज असती तर सर्वांत जास्त समज विजयपत सिंघानिया यांच्या वाट्याला आली असती. २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून निघून त्यांनी गरम हवेच्या बलूनमधून सुमारे २१ किलोमीटरची विक्रमी उंची गाठली. ते धाडस थोरच होते. पण त्या उंचीवरून सह्याद्री ही एक सुरकुती असते आणि माणूस तर नसतोच. अंतर वाढत गेले की डोंगराचे चित्र होते, आणि त्या डोंगरात वस्ती आहे हे पाहणारा विसरतो. खालापूरने याची फार मोठी किंमत पाहिली आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि ८०हून अधिक माणसे गेली, अनेकांचे देहही मिळाले नाहीत. त्या आधी या डोंगराची देखणी छायाचित्रे कितीतरी जणांनी काढली होती. वाडीतली माणसे कशी राहतात, पावसात त्यांच्या डोक्यावरचा उतार किती भिजतो, हे विचारायला जवळ जाणारे थोडे होते.

म्हणून माझे म्हणणे बलूनच्या विरोधात नाही. ज्यांना जमेल त्यांनी लक्सरला जावे, पहाटे टोपलीत उभे राहावे. ते दृश्य माणसाला मोठे करणारे आहे. पण उतरल्यावर काम संपले असे समजू नये. 'कुठे' आणि 'का' यांची उत्तरे मिळाली की 'कोणी' आणि 'कसे' हे प्रश्न सुरू होतात, आणि ते पायीच सोडवावे लागतात. ज्या संस्कृतीने आपली सर्वोत्तम कामे डोंगराच्या पोटात केली, तिला नुसते वरून पाहून चालणार नाही.

कोंढाणे हे संरक्षित स्मारक आहे, तरी फलक लावून दगड वाचत नाही. ओलावा आपले काम करतोच आहे. त्यात आपली भर नको. धबधब्यासाठी पावसाळ्यात गर्दी करण्याऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. कर्जत स्थानकावरून कोंडिवड्यापर्यंत गाडी जाते, पुढे चढ आहे, पाणी बरोबर ठेवावे. शाळांनी मुलांना न्यावे आणि डाव्या बाजूच्या त्या मस्तकापाशी उभे करून दोन नावे सांगावीत: कण्ह आणि बलक. आणि कोणीही तिथल्या भिंतीवर आपले नाव कोरू नये. त्या दगडावर नाव घालण्याचा अधिकार बलकाने आयुष्यभराच्या कामाने मिळवला होता.