पुढे पाठवणाऱ्याची ग्वाही



पावसाळ्यातील एका रात्री आपण लोणावळ्यात किंवा वडगावात आपल्या घरी आहात, असे समजा. बाहेर मुसळधार पाऊस आहे. इतक्यात मोबाइलवर संदेश येतो: 'पवना धरणाला तडा गेला आहे, सर्वांना कळवा.' १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळून चार जीव गेले, हे मावळ विसरलेला नाही. मन धास्तावते. वाटते, संदेश खोटा निघाला तर काय बिघडले? खरा असेल तर कोणाचा तरी जीव वाचेल.

हा विचार वरवर पुण्याचा दिसतो; पण तो तपासून पाहिला पाहिजे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. ती पुढे पाठवणाऱ्या अनेकांना आपण मुलाबाळांचे रक्षणच करीत आहोत, असे वाटले असेल. परंतु त्या सद्हेतूने पाच जणांचे प्राण परत आले नाहीत.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. उपाय योग्यच होता. पण तो वेग कमी करतो, जबाबदारी पार पाडत नाही. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हा फरक यंत्रांमुळे नव्हे, तर माणसांमुळे पडत होता.

बातमी आली तर शहानिशा करा, अन्यथा अजाणतेपणी कोणाची तरी हानी कराल आणि पश्चात्ताप पावाल, अशी ताकीद पवित्र कुरआनने दिली आहे (४९:६). म्हणूनच हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक कथनाविषयी विचारले: हे कोणी कोणाकडून ऐकले? 'फॉरवर्डेड' हा शिक्का नेमके हेच सांगतो की ही साखळी तुटलेली आहे. आपण तो संदेश पाठवताच साखळीत पहिले नाव आपले लागते. आपली मावशी त्या अनोळखी लेखकावर नव्हे, आपल्यावर विश्वास ठेवते. पुढे पाठवणे ही ग्वाहीच आहे.

मग गप्प बसावे काय? नाही, ग्वाही लपवणे हाही अपराध आहे. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा एस.टी.च्या चालकाने ते डोळ्यांनी पाहिले आणि प्रशासनापर्यंत पोहोचवले. भयाची वार्ता आली की ती पसरवण्याऐवजी जबाबदार लोकांकडे न्यावी, ही कुरआनची शिकवण (४:८३) याहून वेगळी नाही.

तेव्हा त्या रात्री धरणाचा संदेश आला, तर ११२ वर किंवा तहसील कार्यालयात विचारा. खरे निघाले, तर शेजाऱ्याचे दार स्वतः ठोठवा. खात्री होत नसेल, तर बोट आवरा. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांचा हिशेब द्यावयाचा आहे (१७:३६). बोटांचा का नसेल?

अल्लाह आपणा सर्वांना सत्याची ग्वाही देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.