डावीकडचा मॉनिटर

कर्सर उजवीकडे नेला की तो लॅपटॉपच्या काठावरून नाहीसा व्हायचा आणि माझ्या डाव्या हाताच्या मॉनिटरवर उगवायचा. डावीकडे न्यायला जावं, तर काठाला अडून बसायचा. पहिल्या दिवशी दोन तास मी तसंच काम रेटलं. हात एकीकडे, मान दुसरीकडे. शेवटी पुण्याला भाचीला फोन लावला. केबल कोणती, मॉनिटर कुठल्या कंपनीचा, असलं तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "मावशी, मॉनिटर टेबलावर कुठल्या बाजूला ठेवलायस?"

"डावीकडे."

"मग तसं सांग ना त्याला. त्याला ते कळत नाही."

सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडलं की दोन चौकोन दिसतात, एकावर १ आणि दुसऱ्यावर २. दोनचा चौकोन माऊसनं धरून मी एकच्या डावीकडे नेऊन सोडला. वीस सेकंदांत होकार दिला नाही तर पूर्ववत करतो, असं संगणकानं बजावलं. होकार दिला. कर्सर सरळ चालू लागला.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनात घर करून आहे: त्याला ते कळत नाही. कारण बाकीचं त्याला बरंच कळतं. केबल जोडताक्षणी मॉनिटर आपली ओळख सांगतो. त्या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. मूळ मजकूर अवघ्या १२८ बाइटचा, पण त्यात बनवणाऱ्याची तीन अक्षरी खूण असते, काचेची रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये असते, कोणत्या वर्षी आणि बहुधा वर्षाच्या कितव्या आठवड्यात तो कारखान्यातून बाहेर पडला हेही असतं. वर्ष १९९० पासून मोजतात. एवढी बारकाईची माहिती, पण तो माझ्या कुठल्या हाताला उभा आहे हे त्यात नाही, असूही शकत नाही. ते फक्त टेबलापाशी बसलेल्या माणसाला माहीत असतं.

मला दोन पडदे का लागतात ते सांगायला हवं. मी मुद्रितशोधन करते. १९९० च्या सुमारास सातारच्या एका छापखान्यात हे काम शिकले, तेव्हा प्रूफ तपासायला दोन माणसं बसत. माझ्या जोडीचे अण्णा मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि मी प्रूफवर नजर ठेवून खुणा करायची. अण्णा शब्दांबरोबर विरामचिन्हंही वाचत. "तो निघाला स्वल्पविराम पण दारापाशी थबकला पूर्णविराम." शंका येईल अशा जागी ऱ्हस्व-दीर्घही उच्चारून सांगत. ते माझ्या डावीकडे बसायचे, कारण मी उजव्या हातानं उजव्या समासात लिहायची आणि त्यांचा कागद माझ्या कोपराखाली येता कामा नये. पुढे छापखाने बदलले, खिळे गेले, वाचायला दुसरं माणूस देणं कोणाला परवडेना. आता जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान डावीकडच्या मॉनिटरवर असतं आणि नव्यानं टाइप केलेला मजकूर उजवीकडे लॅपटॉपवर. अण्णांची जागा मॉनिटरनं घेतली असं मी म्हणणार नाही, तो वाचून दाखवत नाही. पण तो त्यांच्या बाजूला आहे, आणि तो तिथेच लागतो. उजवीकडे ठेवून पाहिला होता, चुका सुटू लागल्या.

लिनक्सकडे मी भाचीमुळे वळले आणि तिथेच राहिले. तिथे अशी छोटी गोष्टसुद्धा कशी घडते ते पाहता येतं, आणि पाहिल्यावर कळतं की ती छोटी नाही. लिनक्सवरच्या चित्रव्यवस्थेचा मूळ पाया ‘एक्स’ नावाच्या प्रणालीचा. ती १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्या रचनेत एका संगणकाला अनेक पडदे असू शकतात हे गृहीत होतं, मात्र प्रत्येक पडदा म्हणजे स्वतंत्र बेट. कर्सर एका बेटावरून दुसऱ्यावर जायचा, विंडो नाही. जिथे उघडली तिथेच ती मिटायची. नंतर ‘झिनेरामा’ नावाची जोड आली आणि अनेक पडदे मिळून एक मोठी पाटी झाली. पण ती पाटी कशी मांडायची हे एका फाइलमध्ये हातानं लिहावं लागे. मॉनिटर किती वारंवारता सोसतो त्याचे आकडेसुद्धा त्यातच लिहायचे. आकडा चुकला तर पडदा काळा, आणि जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला चुकीच्या वारंवारतेनं इजा होऊ शकते असा इशारा त्या काळच्या मार्गदर्शिकांमध्ये दिलेला असे. शिवाय प्रत्येक बदलानंतर सगळं बंद करून नव्यानं सुरू करायचं.

यातून सुटका केली ती ‘रँडआर’नं. नाव ‘आकार बदला आणि फिरवा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलेलं. कीथ पॅकार्ड आणि जिम गेटीज यांनी ते आरंभलं, आणि २००७ च्या त्याच्या १.२ या आवृत्तीपासून चालू संगणकाला मॉनिटर जोडणं, काढणं, सरकवणं शक्य झालं. टर्मिनलमध्ये लिहायची त्याची ‘एक्सरँडर’ ही कमांड मला फार आवडते. तिच्यात ‘लेफ्ट-ऑफ’, ‘राइट-ऑफ’, ‘अबव्ह’, ‘बिलो’ असे साधे शब्द येतात. याच्या डावीकडे, त्याच्या वर. शेजाऱ्याला घर सांगावं तशी भाषा.

ओळखपत्र कधी पोचतच नाही, हेही मी अनुभवलं आहे. जुन्या बाजारातून एक मॉनिटर आणला, सोबत निळ्या तोंडाची व्हीजीए केबल आली. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, पण संगणक १०२४ बाय ७६८ च्या पुढे जाईना. अक्षरं ताणलेली, पोटात हवा भरल्यासारखी. दोन दिवस मी त्याला हातानं आकडे शिकवत बसले. ‘सीव्हीटी’ ही कमांड वारंवारतेचं गणित करून एक ओळ देते, ती ‘एक्सरँडर’ला द्यायची, मग नवा आकार यादीत येतो. आला, चाललाही. पण संगणक बंद करून लावला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या भाचीनं केबल काढून तिचं तोंड पाहिलं. मॉनिटर ज्या तारांवरून आपली माहिती सांगतो त्यांच्यासाठीच्या पिनाच त्या केबलला नव्हत्या. शेजारच्या दुकानातून दुसरी केबल आणली, लावली, आणि काही न करता सगळं जागच्या जागी आलं. हातानं शिकवलेली ती ओळ मात्र मी वहीत उतरवून ठेवली आहे.

आता अक्षरांच्या आकाराकडे येते, कारण माझ्या कामाचा जीव तिथे आहे. माझा लॅपटॉप १४ इंची, १९२० बाय १०८०. शेजारचा आताचा मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १२००. पिक्सेल जवळजवळ सारखेच, काच मात्र लहान-मोठी. म्हणजे लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १५७ पिक्सेल आणि मॉनिटरवर सुमारे ९४. लॅपटॉपवर तीन मिलिमीटरचं अक्षर मॉनिटरवर पाच मिलिमीटरचं होतं. ‘एक्स’च्या जगात बहुतेक प्रोग्रॅम सगळ्या पडद्यांना मिळून एकच माप धरून चालतात. एका बाजूला अक्षर नेमकं करावं, तर दुसऱ्या बाजूला ते मुंगीएवढं नाहीतर ढोबळ. रोमन लिपीत काम करणाऱ्याला हे गैरसोयीचं असेल. देवनागरीत ते चुकांचं मूळ ठरतं. शिरोरेषेच्या वर आमचा निम्मा व्यवहार चालतो: अनुस्वार, रफार, मात्रा, वेलांटीचा गोल. ‘कर्मी’मधला रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळली की चूक डोळ्यांसमोरून निघून जाते. ‘नांव’ आणि ‘नाव’ यांतला फरक एका ठिपक्याचा, आणि तो ठिपका तीनेक पिक्सेलांचा.

२००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था सुरू केली. तिच्यात प्रत्येक पडद्याला स्वतःचं माप देता येतं. आधी हे माप पूर्णांकांत असायचं, एकपट किंवा दुप्पट. दीडपट हवं असेल तर प्रोग्रॅम दुपटीनं चित्र काढायचा आणि मग ते आकसवलं जायचं, त्यामुळे कडा विरघळायच्या. २०२२ मध्ये अपूर्णांकी मापाची सोय आली, तेव्हापासून ती समजणारा प्रोग्रॅम थेट दीडपट अक्षरच काढतो. लॅपटॉपवर दीडशे टक्के आणि मॉनिटरवर शंभर टक्के ठेवून मी पहिलं पान उघडलं, तेव्हा रफार आपल्या जागी, वेलांटी आपल्या जागी. त्या दिवशी मी जेवायला उशीर केला.

मापामुळे आणखी एक गुंता सुटला. माझा मॉनिटर उभा फिरवलेला आहे. डेमी आकाराचं अख्खं पान त्यावर मूळच्या दुपटीहून मोठं मावतं, खालीवर सरकवावं लागत नाही. (फिरवला हेही संगणकाला सांगावं लागतं. माझा मॉनिटर तेसुद्धा आपण होऊन सांगत नाही.) उभा मॉनिटर १९२० पिक्सेल उंच, लॅपटॉप १०८० उंच. सगळे पिक्सेल सारखे धरले की सेटिंग्जमधल्या चौकोनांच्या नकाशात लॅपटॉप मॉनिटरच्या अर्ध्याहून थोडा जास्त उंच दिसतो. टेबलावर मात्र लॅपटॉपची काच सात इंचांचीही नाही आणि मॉनिटर वीस इंचांचा. नकाशा पिक्सेलचा, टेबल इंचांचं. दोन्ही एकाच रेषेवर जुळायचे, बाकी सगळीकडे कर्सर ओलांडताना वर किंवा खाली उडी मारायचा. मी ती एक रेषा वाचनाच्या ओळीला जुळवली होती, पानाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, आणि तेवढ्यावर भागवत होते. लॅपटॉपला दीडपट माप दिल्यावर नकाशातला त्याचा चौकोन आपोआप लहान झाला, आणि नकाशा टेबलाच्या जवळ आला.

‘वेलँड’नं काही काढूनही घेतलं. तिथे प्रोग्रॅमला आपली विंडो पडद्यावर नेमकी कुठे आहे हे कळत नाही आणि अमुक जागी ठेव असंही सांगता येत नाही. पूर्वी माझी एक छोटी स्क्रिप्ट सकाळी स्कॅन डावीकडे आणि मजकूर उजवीकडे उघडून ठेवायची. ती आता चालत नाही. रोज सकाळी विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा बाण दाबून स्कॅनची विंडो मी स्वतः पलीकडे पाठवते. ‘एक्स’मध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडोत डोकावू शकायचा, टाइप केलेली अक्षरंसुद्धा वाचू शकायचा, ते बंद करताना हा व्यवहार झाला. तो रास्त आहे असं मला वाटतं. तरी स्क्रिप्टची आठवण येते.

या सगळ्या मांडण्या संगणक लक्षात ठेवतो. ‘ग्नोम’ या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ नावाची फाइल असते. साधा मजकूर, कोणालाही उघडून वाचता येईल असा. कुठले पडदे एकत्र जोडले होते त्यावरून प्रत्येक मांडणीची वेगळी नोंद: कोणत्या खाचेत, कोणत्या बनावटीचा, कोणता क्रमांक, नकाशात एक्स किती, वाय किती, माप किती, फिरवलेला की सरळ, मुख्य कोणता. गेल्या महिन्यात मी ती पहिल्यांदा शांतपणे वाचली. माझ्या टेबलाची नोंद होती. एका वाचनालयात बोलायला गेले होते, तिथल्या प्रोजेक्टरची होती, दोन्हीकडे एकच चित्र. भावाकडे कोल्हापूरला दिवाळीत फोटो पाहिले, त्या टीव्हीची होती. आणि चौथी नोंद होती अण्णांच्या घरातल्या टीव्हीची.

मोतीबिंदूनंतर त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. एका जुन्या चरित्राची प्रूफं हातात होती, आणि त्यातल्या काही जागा त्यांनीच सांगाव्यात असं मला वाटत होतं. त्यांच्या मुलानं टीव्ही भिंतीवरून काढून टेबलावर आणून ठेवला, मी केबल जोडली, आणि त्या पडद्याला दोनशे टक्के माप दिलं. चार दुपारी आम्ही बसलो. ते वाचत होते, स्वल्पविराम, पूर्णविराम, दीर्घ, आणि मी लॅपटॉपवर खुणा करत होते. तो टीव्ही आता त्या घरात नाही. अण्णाही नाहीत.

फाइलमध्ये मात्र अजून आहे: एक्स शून्य, वाय शून्य, माप दोन. त्यापुढे माझा लॅपटॉप, त्याच्या उजवीकडे. भाची म्हणाली की न लागणाऱ्या नोंदी काढून टाकल्या तरी चालतं. तीन वाचून मी फाइल बंद केली, आणि पुन्हा उघडून चौथी वाचली.