प्रतिमेचे विसर्जन

चित्रपट पाहणारा मनुष्य फसतो काय? दोन-तीन तास तो पडद्यावरील छायेबरोबर हसतो, रडतो. दिवे लागले की उठून घराची वाट धरतो. ही फसवणूक नव्हे. हा उभयपक्षी मान्य असा करार होय. प्रश्न उद्भवतो तो दिवे लागल्यावरही छाया मनातून हलत नाही तेव्हा.

आपल्याकडे याचे सौम्य रूप दिसले. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि अनेकांच्या मनात तुकोबांचा चेहरा पागनिसांचाच होऊन बसला. यात कोणाचे फारसे बिघडले नाही. तमिळ देशात मात्र छायेची गाठ थेट राज्यसत्तेशी पडली.

ज्यांचे बालपणीचे काही शिक्षण येथे कुंभकोणमलाच झाले, ते एम. जी. रामचंद्रन पडद्यावर दीनांचे कैवारी म्हणून गाजले. १२ जानेवारी १९६७ रोजी एम. आर. राधा या नटाने त्यांच्यावर गोळी झाडली. राधा पडद्यावर खलनायक म्हणून ख्यात! गळ्याला पट्टी बांधलेल्या नायकाचे रुग्णशय्येवरील छायाचित्र निवडणुकीत गावोगाव भिंतींवर लागले. रामचंद्रन निवडून आले. त्यांचा पक्षही सत्तेवर आला. पुढे स्वतंत्र पक्ष काढून ते १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले.

आता, या भित्तिपत्रकात असत्य काय होते? जखम खरी होती. गोळीने बदललेला आवाजही खरा होता; नंतरच्या चित्रपटांत तोच ऐकू येतो. फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार म्हणतात की आधुनिक जगात प्रतिमेमागे मूळ वस्तू उरतच नाही. येथे तसे म्हणता येत नाही. मूळ मनुष्य होता, रक्त सांडले होते. इतकेच नव्हे, तर १९८२ मध्ये या मुख्यमंत्र्यांनी विस्तारलेल्या मध्यान्ह भोजन योजनेचा भात मुलांच्या ताटात खरोखर पडला.

तेव्हा प्रतिमा खरी की खोटी, हा प्रश्न अपुरा आहे. विचारावयाचे ते हे, की प्रतिमेकडून हिशेब कोणी घ्यावयाचा? एम. एस. एस. पांडियन यांनी ‘द इमेज ट्रॅप’ (१९९२) या ग्रंथात या लोकप्रियतेची चिकित्सा केली, ती याचसाठी की ज्या गरिबांनी या नायकावर जीव ओवाळला, त्यांच्या पदरात त्या राजवटीने काय टाकले हे तपासले जावे. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यास कागदाखाली सही कोणाची, हे आधी पाहण्याची सवय जडते. प्रतिमेखाली कोणाचीच सही नसते. राज्यकर्त्याला जाब विचारता येतो. पडद्यावरील नायकाला कसला जाब विचारणार? आणि दोघे एकच झाले, की राज्यकर्ताही नायकाच्या आड सुखरूप राहतो.

मूर्तिपूजक समाजाला हे कोडे नवे नसावे. आपण गणपतीच्या पार्थिव मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो, मनोभावे पूजा करतो आणि ठरल्या दिवशी तिचे विसर्जनही करतो. त्या निरोपाने भक्ती उणी होत नाही. मूर्ती ही माती आहे याचे भान तेवढे शाबूत राहते. चित्रप्रतिमेला आवाहन आहे, विसर्जन नाही; आणि ज्यांना तिच्यापासून लाभ, ते तसे कधी करणारही नाहीत. तेव्हा तो विधी पाहणाऱ्यानेच पार पाडला पाहिजे. नायकावर प्रेम अवश्य करावे. पण मत देण्यास जाताना त्याची छाया दाराबाहेर ठेवून आत जावे.