शिरूर-दौंड सोडताना

शिरूरच्या सी. टी. बोरा महाविद्यालयातून किंवा दौंडहून दुसऱ्या वर्षाला पुण्यातल्या चढ्या गुणवत्ता यादीच्या महाविद्यालयात जाणे म्हणजे स्वधर्म सोडणे का? मला तसे वाटत नाही. गीतेतला स्वधर्म कर्माशी बांधलेला आहे, गावाशी नाही. आणि विद्यार्थ्याचे कर्म अध्ययन. परंपरा सांगते, गोरोबाकाकांनी कच्चे ठरवल्यावर नामदेव विठ्ठलाची पंढरी सोडून औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. तिथला देव मोठा म्हणून नव्हे, गुरू हवा होता म्हणून.

कोणी म्हणेल, मोठ्या नावाने नोकरी मिळते. आक्षेप खरा आहे. पोटाची सोय पाहणे हाही धर्मच. पण नुसत्या नावासाठी गेलेल्याचे अध्ययन तिथेही कच्चेच राहते. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा: तिथे कोणाकडे, काय शिकायचे आहे? उत्तर असेल तर बिनघोर जा.