मंडळी सोडली, तरी मंडळी दारात

शंका : आठव्या वर्षी मॉर्मन पंथात बाप्तिस्मा झालेल्या माणसाने सभेला जाणे कधीच सोडले आहे. तरी पंथाचे लोक घरी येतात, घर बदलले तर नव्या पत्त्यावरही येतात. हे थांबते कसे?

समाधान : जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापलेल्या आणि आज युटातील सॉल्ट लेक सिटीतून चालणाऱ्या या पंथात सभेला न जाणे म्हणजे पंथ सोडणे नव्हे. नाव पटावर आहे तोवर गैरहजर माणूस फक्त ‘निष्क्रिय’ ठरतो, आणि निष्क्रियांची विचारपूस करणे हे इतरांचे कर्तव्य मानले जाते. स्थानिक मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. वॉर्ड वस्तीनुसार आखलेला असतो. माणूस दुसरीकडे राहायला गेला, की त्याची नोंद तिथल्या वॉर्डाकडे जाते. नवा पत्ता पुष्कळदा घरच्याच कुणीतरी, प्रेमापोटी, कळवलेला असतो.

श्रद्धा उरली असेल आणि भेटी तेवढ्या नकोत, तर वॉर्डाच्या बिशपला ‘संपर्क करू नये’ असे लेखी कळवता येते. मात्र ही विनंती झाली. बिशप बदलला की ती विसरली जाऊ शकते. पक्का उपाय राजीनाम्याचा. तो सहीनिशी बिशपकडे देता येतो किंवा नोटरीकडून साक्षांकित करून थेट मुख्यालयाला पाठवता येतो. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि यापुढे कुणी संपर्क करू नये हे स्पष्ट असावे. कारणे देण्याची गरज नाही. दिली तर त्यांवर चर्चा करायला कुणीतरी येणार, हे ठरलेले! बिशपने भेटीला बोलावले तरी जाणे बंधनकारक नसते.

नोकरीतला राजीनामा ‘मंजूर’ व्हावा लागतो, त्या सवयीने अनेकजण इथेही परवानगी मागतात. अमेरिकी कायद्याची दृष्टी वेगळी आहे. ओक्लाहोमातील कॉलिन्सव्हिल गावच्या एका मंडळीतून (ती मॉर्मन नव्हती) एका स्त्रीने लेखी अंग काढून घेतले, तरी वडीलधाऱ्यांनी तिचे खासगी वर्तन सभेत जाहीर केले. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिला : सदस्य असेतो मंडळीची शिस्त तिने पत्करलेली होती, सदस्यत्व सोडताच ती संमती संपली. त्यानंतरच्या कृत्यांना धर्मस्वातंत्र्याची ढाल मिळत नाही.

पंथाच्या मते राजीनाम्याने बाप्तिस्मा, पुरोहितपद आणि मंदिरात बांधलेले अनंतकाळचे विवाहबंधन हे सारे रद्द होते. ज्याचा विश्वास उडाला त्याला याचे काही वाटत नाही. त्याच्या आईला मात्र मुलगा परलोकातही दुरावल्यासारखे वाटते. म्हणून पत्र टाकण्याआधी घरी सांगणे बरे. आईने स्वतःहून पाठवलेल्या शेजाऱ्याला बिशपही अडवू शकत नाही.

पुढेमागे परतायचे झाल्यास मुलाखत देऊन पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो.