उडी आणि उपसा

गणपती विसर्जनाची मिरवणूक आमच्या उस्मानपुऱ्यातून चालली होती. ढोलांच्या दणक्याने खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि शोकेसमधला चिनीमातीचा ससा सरकत सरकत कडेला आला होता. तेवढ्यात चिरंजीवांनी विचारले, "बाबा, जगातल्या सगळ्या माणसांनी एकदम उडी मारली, तर पृथ्वी हलेल?"

मी बी.कॉम. पण बापाने मुलापुढे आणि कारकुनाने मॅनेजरपुढे 'माहीत नाही' म्हणायचे नसते, 'बघून सांगतो' म्हणायचे असते. तसे म्हणालो आणि खरोखरच बघितले.

हिशेब सोपा निघाला. माणसे सुमारे ८०० कोटी. वजन सरासरी ५० किलो धरा. (आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यात दोन माणसे धरावीत.) एकूण झाले ४० कोटी टन. पृथ्वीचे वजन याच्या सुमारे १५ लाख कोटी पट! सगळे एकाच मैदानात जमून फूटभर उडाले, तरी पृथ्वी मागे सरणार ती एका अणूच्या जाडीच्या पाच हजाराव्या भागाइतकी. तीही पळभरच, कारण माणूस खाली येतो तशी पृथ्वीही मूळ जागी येते. हे वाचून मला भरून आले. न्यूटनसाहेबांची ही तर डबल एंट्री! जितके नावे तितके जमा, बाकी शून्य.

"नाही हलत," मी निकाल दिला. "माणूस फार किरकोळ प्राणी आहे." खरे सांगतो, किरकोळ असण्यात मोठे सुख असते. जबाबदारी नसते.

हे सुख मी त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये उपभोगले होते. विषय एक : आटलेला बोअर दोनशे फुटांवरून चारशेवर नेणे. विषय दोन : गच्चीवरचे पावसाचे पाणी पाइपाने बोअरजवळच्या खड्ड्यात सोडणे. पहिला विषय पाच मिनिटांत मंजूर झाला, दुसरा चहा आल्यामुळे तहकूब. कुणीतरी म्हणालेही, "अहो, शेजारच्या आजींच्या हापशाचं काय?" त्यावर "आपल्या एका बोअरने काय होतंय!" असे सगळे एकमुखाने म्हणाले. त्या एका मुखात माझेही होते. आपल्याकडचा काळा खडक; पाणी राहते ते त्याच्या भेगांत. आम्ही चारशेवर गेलो आणि पंधरा दिवसांत आजींचा हापसा कोरडा पडला.

चिरंजीवांच्या प्रश्नापायी मी आणखी वाचत गेलो, ते नडले. माणूस हलून पृथ्वी हलत नाही. माणसाने पाणी हलवले की मात्र हलते. कोयनेच्या धरणात पाणी साठले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले. धरणाच्या पाण्याने चाळवलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून आजही जगभर कोयनेचे नाव घेतात. पण धरण म्हणजे सरकारी काम, त्यात आपण नाही, असे म्हणून मी पान उलटले. पुढच्या पानावर आमचा बोअर होता!

२०२३ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. १९९३ ते २०१० या काळात जमिनीतून सुमारे २१५० अब्ज टन पाणी उपसले गेले आणि शेवटी समुद्राला मिळाले. वजन असे इकडचे तिकडे झाल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकला. त्यात वायव्य भारतातला उपसा ठळक. म्हणजे अख्ख्या मानवजातीच्या वजनाच्या पाच हजार पट पाणी हलले. आणि त्यासाठी ना कुणी शिट्टी फुंकली, ना कुणी एक-दोन-तीन म्हटले. जो तो आपापल्या घरी मोटारीचे बटण दाबत होता आणि मनात म्हणत होता, 'आपल्या एकाने काय होतंय!'

उडीत उचललेले परत ठेवले जाते. उपशात नुसते नावे, नावे, नावे. जमेची बाजू कोरी. लेजर हाताने लिहीत त्या काळी दहा पैशांच्या फरकासाठी सगळी शाखा रात्रीपर्यंत बसे, असे आमच्यातले जुने लोक सांगतात. तिथे 'दहा पैशांनी काय होतंय' म्हणायची सोय नव्हती.

त्या ८० सेंटिमीटरांत माझा वाटा किती, म्हणून भागाकार करायला बसलो. दशांश चिन्हापुढे शून्येच शून्ये! मन हलके होणार, तोच आजींचा हापसा आठवला. त्यात शून्ये नव्हती. तो पुरता आमच्याच नावे होता. पृथ्वीच्या खात्यात न दिसणारी रक्कम शेजारच्या खात्यात ठळक दिसते.

चिरंजीवांना निकाल फिरवून सांगितला, "हलली रे पृथ्वी."

"कुणी उडी मारली?"

"कुणीच नाही. सगळ्यांनी नुसतं बटण दाबलं."

"तुम्ही पण?"

पुढच्या मीटिंगसाठी मी विषय दोन पुन्हा दिला आहे. सेक्रेटरी म्हणतात, "एका पाइपाने काय होतंय!" तोवर आमच्या मोटारीची एक नळी रोज सकाळी कुंपणावरून शेजारी सोडतो. हंडा भरता भरता आजी म्हणतात, "फार उपकार झाले बघा बाळा तुमचे."

तेवढे ऐकताना मात्र पायाखालची जमीन सरकते.