चोर कोण, हे सांगण्याची घाई

६ फेब्रुवारी २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाजवळच्या समुद्रात मुंबई पोलिसांनी कुवेतहून आलेली एक मासेमारी नाव अडवली. तिच्यावर तीन माणसे होती. अशी बातमी ऐकताच मुंबईकराच्या मनात पहिला तर्क कोणता येतो, हे सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही नाव बळकावूनच या किनाऱ्याकडे आले होते. म्हणून भीती निराधार नाही. पहारा हवा, चौकशीही हवी. प्रश्न आहे तो चौकशीपूर्वीच दिल्या जाणाऱ्या निकालाचा.

तिघेही कन्याकुमारीचे मच्छीमार निघाले. मालकाने पगार थकवला, पासपोर्ट अडकवून ठेवले, छळ केला, म्हणून त्याचीच नाव घेऊन पळालो, असे त्यांनी सांगितले. नावेत संशयास्पद काही आढळले नाही.

आता मन दुसरा निकाल देऊ लागते: खरा चोर मालकच! मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणतो. मजुरी बुडवणे हा घोर जुलूमच आहे. परंतु मालकाची बाजू आपण ऐकली आहे काय? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा करू नका, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना दिली होती. याउलट, मालक अरब देशातला म्हणून त्याची कड घेण्याचा मोह कोणाला झाला, तर सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११२ या आयती त्याने वाचाव्यात. भाष्यकार सांगतात की, मदीनेत स्वतःला मुस्लिम म्हणवणाऱ्या एकाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर ढकलला. कुळातले लोक चोराच्या वतीने बोलायला आले. तेव्हा आयती अवतरल्या, यहुदी निर्दोष ठरला आणि आपल्या माणसाची वकिली करणाऱ्यांची कानउघाडणी झाली.

मग नावेचे काय? फिकहचा एक नियम असा की, लाचारी दुसऱ्याचा हक्क रद्द करीत नाही. भुकेने व्याकूळ माणूस परक्याचे अन्न खाऊन जीव वाचवू शकतो, पण त्याची भरपाई त्याच्यावर राहते. तिघांचे म्हणणे खरे मानले, तर त्यांची सुटका समजण्यासारखी आहे. तरीही नाव मालकाचीच राहते आणि मजुरी मजुरांचीच राहते. एका हक्काने दुसरा बुडत नाही. हा न्याय सावकाश चालतो, कारण त्याला प्रत्येकाचे देणे मोजावे लागते.

तर्काला ही सबुरी नसते. सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:६, १२) बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे आणि काही संशय हे पापच असल्याचा इशाराही आहे. एखादी घटना घडताच संशयाचे बोट आपल्या मोहल्ल्याकडे वळते, ही वेदना आपल्यापैकी अनेकांनी सोसली आहे. ज्याने ती सोसली, त्याने तेच बोट दुसऱ्यावर उगारताना अधिक थबकले पाहिजे. चोरलेली नाव परत करता येते, थकलेली मजुरी चुकती करता येते. पण चारचौघांत घालवलेली अब्रू घरोघर जाऊन कोण परत करणार? म्हणून मुलांनी विचारले, “हे कोणी केले?” तर “अजून ठाऊक नाही” असे सांगण्यात कमीपणा मानू नये. तेही सत्याची साक्ष देणेच आहे.